दहा वर्षं बदलावा लागू नये असा कॅमेरा : गोव्यात राहून काय घ्यावं?

सांखळीकर

मंडळी, छायाचित्रणवाल्यांचा सल्ला हवाय. जरा सविस्तर लिहितो, म्हणजे "बजेट किती, काढता काय" यातच पहिले दहा प्रतिसाद जायला नकोत.

सध्या निकॉनचा डी७२०० वापरतो. सोबत १८-१४० ची किट लेन्स, ३५ एमएम एफ १.८, आणि एका निवृत्त वृत्तपत्र छायाचित्रकाराकडून घेतलेली जुनी ८०-२०० एफ २.८ डी. ही तिसरी वजनाला भारी आहे, पण तिच्यावर माझा जीव आहे.

काढतो काय? विठ्ठलापूरच्या त्रिपुरारी पौर्णिमेच्या नौका, डिचोली-सत्तरीतली घोडेमोडणी (कमरेला लाकडी घोडा बांधून नाचतात ती), जत्रांतली रात्रीची नाटकं, माशेलचा चिखलकालो. पाऊस सरला की पक्षी. म्हणजे निम्मं काम काळोखात आणि उरलेलं पाण्याच्या आसपास. फोटो विकत नाही. देवस्थानच्या स्मरणिकेत, नाटकमंडळाच्या पत्रकात छापले जातात, तेवढं पुरे.

अडचण दोन ठिकाणी आहे. नाटकाच्या मंडपात आयएसओ (काळोखात वाढवायची सेन्सरची संवेदनशीलता) ६४०० च्या पुढे गेलं की चित्र किरकिरं होतं. दुसरं म्हणजे आरशाचा खटका. करुण प्रसंग चाललेला असतो आणि माझ्या कॅमेऱ्याचा आवाज ऐकून पुढच्या रांगेतले आजोबा मागे वळून बघतात.

बॉडी आणि एखादी लेन्स मिळून दोन लाखांच्या आत बसवायचं आहे. निकॉनच्या झेडमध्ये (बिनआरशाचे, म्हणजे मिररलेस) जाऊ, सोनी-कॅननकडे वळू, की आणखी एक डीएसएलआर (आत्ताच्यासारखा आरशाचा) घेऊन ठेवू? दर दोन-तीन वर्षांनी नवा 'मार्क' येतो आणि यूट्यूबवाले आधीच्याला मोडीत काढतात. मला पुढची दहा वर्षं हा प्रश्न पुन्हा विचारायचा नाही.

पणजीचा पात्रांव

फोन घ्या आणि मोकळे व्हा. हल्लीचे फोन काय कमी आहेत?

लग्नसराई

पात्रांव, घोडेमोडणीत उडी मारणारा घोडा रात्रीच्या उजेडात फोनवर काढून इथे चिकटवा. मग बोलू.

खंड्या

सांखळीकरबाब, कॅमेऱ्याचं नंतर बघू, आधी माउंट, म्हणजे बॉडीवर लेन्स अडकते ती खाच, ठरवा. बॉडी आज ना उद्या जाणारच. कौलारू घराची कौलं दर पावसाळ्याआधी चाळतो तशातला प्रकार आहे. भिंती त्याच राहतात. लेन्सा म्हणजे भिंती.

माउंट किती टिकतो याचा अंदाज जाहिराती वाचून येत नाही, मागचा इतिहास बघून येतो. लायकाचा एम माउंट १९५४ चा, अजून चालू. निकॉनचा एफ १९५९ चा, पेंटॅक्सचा के १९७५ चा. हे दीर्घायुषी. आता गेलेले बघा. ऑलिंपसचा फोर थर्ड्स २००३ साली आला, २०१० च्या ई-५ नंतर त्याला नवी बॉडी मिळाली नाही. सॅमसंगने २०१० मध्ये एनएक्स आणला, २०१४ मध्ये एनएक्स१ हा काळाच्या पुढचा कॅमेरा काढला आणि काही वर्षांतच कॅमेऱ्यांचा धंदा गुंडाळला. निकॉन १ हा २०११ ते २०१८. कॅननचा ईओएस एम २०१२ ते २०२३. सोनीचा ए माउंट मुळात मिनोल्टाचा, १९८५ चा. सोनीने तो २००६ मध्ये घेतला आणि २०२१ मध्ये यादीतून काढून टाकला.

ही नावं एकाखाली एक मांडली की एक गोष्ट दिसते. निकॉन १ मेला तेव्हा निकॉनचं पोट एफ माउंटवर चालत होतं. ईओएस एम गेला तेव्हा कॅनन आरएफकडे सरकला होता. ए माउंट बंद झाला तेव्हा सोनीची सगळी कमाई ई माउंटवर होती. म्हणजे घरात दोन माउंट असले की धाकट्याचा बळी जातो. ज्या माउंटवर त्या कंपनीचे क्रीडा आणि वृत्त छायाचित्रकार उभे आहेत तोच धरायचा. आजच्या घडीला ते तीन : सोनी ई (२०१०), निकॉन झेड (२०१८), कॅनन आरएफ (२०१८).

फुजीचा एक्स (२०१२) चौथा म्हणता येईल, मला स्वतःला आवडतो, पण तुमच्याकडच्या लेन्सांशी त्याचं नातं नाही.

सांखळीकर

धन्यवाद खंड्या. पण नवा माउंट घेतला की जुन्या लेन्सा भंगारातच गेल्या ना? ८०-२०० चं काय?

खंड्या

भंगारात नाही जात. डीएसएलआरमध्ये आरशाला हलायला जागा लागते, म्हणून निकॉन एफमध्ये माउंटपासून सेन्सरपर्यंत ४६.५ मिमी अंतर आहे, कॅनन ईएफमध्ये ४४. आरसा गेला तसं हे अंतर आटलं. झेडमध्ये १६, सोनी ई मध्ये १८, आरएफमध्ये २०. मधल्या फरकाएवढी पोकळ नळी (अडॅप्टर) लावली की जुनी लेन्स नव्या बॉडीवर बसते. त्या नळीत काच नसते, त्यामुळे चित्राचा दर्जा उतरत नाही. उलट मात्र जमत नाही, झेडची लेन्स तुमच्या डी७२०० वर कधीच बसणार नाही.

आता तुमच्यापुरती मेख. एफ माउंटवर १९५९ पासून लेन्स बसते हे खरं, पण बसणं वेगळं आणि सगळं चालणं वेगळं. तुमची ८०-२०० 'डी' जातीची आहे. तिच्या पोटात मोटर नाही. डी७२०० च्या माउंटवर एक बारीक स्क्रू डोकावतो, तो बॉडीतल्या मोटरने फिरतो आणि लेन्सचा फोकस हलवतो. निकॉनच्या एफटीझेड अडॅप्टरमध्ये ही मोटर नाही. त्यामुळे झेडवर ८०-२०० चं छिद्र चालेल, प्रकाशमापन चालेल, फोकस हाताने. नाटकात पात्र एका जागी उभं राहून स्वगत म्हणत असेल तर पीकिंग (फोकसमधल्या कडा रंगवून दाखवणारी सोय) लावून आरामात जमतं. घोड्याला नाही जमणार. पक्ष्यांचं तर नावच काढू नका.

३५ आणि १८-१४० मध्ये मोटर आहे, त्या पूर्ण चालतील. पण दोन्ही डीएक्स, म्हणजे लहान सेन्सरसाठीच्या. २४ मेगापिक्सेलच्या फुल फ्रेमवर (मोठ्या सेन्सरवर) लावल्या तर मधला भागच वापरला जातो आणि हातात साधारण १० मेगापिक्सेल येतात. स्मरणिकेला ते भरपूर झाले.

कॅननवाले इथे सुखी आहेत. १९८७ मध्ये त्यांनी एफडी माउंट एका झटक्यात सोडला आणि ईएफ आणला तेव्हा त्यांच्या जुन्या गिऱ्हाइकांनी शिव्याच घातल्या असतील, पण ईएफच्या प्रत्येक लेन्समध्ये पहिल्या दिवसापासून मोटर होती. म्हणून आज सगळ्या ईएफ लेन्सा अडॅप्टरवर आरएफ बॉडीत मुकाट चालतात.

जुना रोल

फोंड्याहून म्हाताऱ्याचे दोन शब्द.

मंडळी बॉडी आणि माउंट यांच्यापाशीच थांबली आहेत. आमच्या पिढीने कोडॅक्रोम वापरली. कॅमेरे शाबूत राहिले, रोल कपाटात शाबूत राहिले, पण ती फिल्म धुणारी जगातली शेवटची लॅब अमेरिकेत कॅन्ससमध्ये होती आणि २०१० च्या अखेरीस तिने ते काम थांबवलं. संपलं. माझा यांत्रिक एसएलआर आजही चालतो, सेल फक्त मीटरला लागतो, पण त्यातून कोडॅक्रोम आता कोणी काढून देणार नाही. तेव्हा टिकाऊपणा बघताना अख्खी साखळी बघा. डिजिटलमध्ये त्या साखळीत बॅटरी येते, कार्ड येतं, फाइल उघडणारं सॉफ्टवेअर येतं, आणि दुरुस्त करणारा माणूस येतो. यातली एक कडी तुटली की बाकीच्या असून नसल्यासारख्या.

माझं मत विचाराल तर जुनी फुल फ्रेम डीएसएलआर घ्या. डी७५०, जमल्यास डी७८०. तुमची ८०-२०० तिच्यावर स्क्रूने फिरेल, रात्रीचं चित्र सुधारेल, पैसे निम्मे लागतील. सगळे मिररलेसकडे पळताहेत म्हणून बाजारात उत्तम लेन्सा पडेल भावात येताहेत.

लग्नसराई

काका, तुमचा मान राखून सांगते. पैशाचं म्हणणं पटलं, पण दहा वर्षांचं गणित जमत नाही. निकॉनचा डी६ आणि कॅननचा वन डी एक्स मार्क थ्री, दोन्ही २०२० चे. त्यांच्यानंतर या दोघांचा वरच्या श्रेणीतला नवा डीएसएलआर आलाच नाही. म्हणजे आज वापरलेला डी७५० घेतला तर मूळ उत्पादन २०१४ चं. शटर दीड लाख क्लिकसाठी तपासलेलं असतं, आणि लग्नवाल्याकडून आलेली बॉडी असेल तर त्यातली किती झाली ते आधी बघा. शटर बदलून मिळतं, पण पुढे पाच-सात वर्षांनी तो भाग कुठून आणणार?

आणि सांखळीकरांची तक्रार खटक्याची आहे. डी७५० चा खटका काही कमी नाही.

मी मडगावात लग्नं आणि साखरपुडे करते, सोनीवर. माझ्या अनुभवातलं सांगते. कॅमेरा बिघडला तर गोव्यातून तो बहुतेक वेळा मुंबईला किंवा बेंगळुरूला जातो. माझी एक लेन्स एका अधिकृत सेवा केंद्राने (नाव नको, आणि कोणाला वाटेल ते नावही नाही) ऐन डिसेंबरात, लग्नांच्या गर्दीत, सहा आठवडे अडकवून ठेवली. परत आली तेव्हा मूळ तक्रार तशीच. तेव्हापासून मी कंपनी कोणती यापेक्षा गोव्यात तीच बॉडी आणखी किती जणांकडे आहे हे बघते. अडीनडीला मागता येते, बॅटरी मागता येते, चार्जर मागता येतो.

बॅटरीचा मुद्दा काकांनी काढलाच आहे तर पूर्ण करते. इथे निकॉनचं कौतुक करावंच लागेल. तुमच्या डी७२०० ची ईएन-ईएल१५ ही बॅटरी २०१० च्या डी७००० पासून चालत आली आहे आणि झेड५, झेड६, झेड८ मध्येही तोच आकार आहे. अगदी जुनी बॅटरी प्रत्येक नव्या बॉडीत चालेलच असं नाही, ते आधी बघा. चालते तिथेही युएसबीने कॅमेऱ्यातल्या कॅमेऱ्यात चार्ज होत नाही आणि क्लिक कमी मिळतात. कॅननच्या एलपी-ई६ चंही तसंच, २००८ च्या फाइव्ह डी मार्क टू पासूनची. पण आर८ घ्यायला जाल तर त्यात वेगळी, लहान एलपी-ई१७ आहे. सोनीने २०१७ मध्ये ए९ बरोबर मोठी बॅटरी आणली ती एकदम चांगली, त्याआधीची मात्र दुपारपर्यंतच पुरायची.

सांखळीकर

शर्थ झाली, बॅटरीकडे मी बघितलंच नव्हतं. माझ्याकडे तीन पडून आहेत.

मुका शटर नाटकाला चालेल ना?

लग्नसराई

थांबा, इथे सगळेच फसतात. मिररलेसचं पूर्ण मुकं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक शटर सेन्सरवरून एकेक ओळ वाचत खाली येतं. बहुतेक बॉड्यांत त्याला वेळ लागतो. जत्रेच्या रंगमंचावर आता सगळे एलईडी पार लाइट, आणि ते डोळ्याला दिसत नाही इतक्या वेगाने लुकलुकतात. परिणाम : नायिकेच्या साडीवर आडवे काळे पट्टे. वीज ५० हर्ट्झची, तेव्हा साध्या दिव्यांखाली १/५० किंवा १/१०० ठेवलं की निभावतं. डिमरवरच्या एलईडींना तो नियम लागू नाही. काही नव्या बॉड्यांत शटरचा वेग अपूर्णांकात हलवून पट्टे घालवता येतात, पण प्रत्येक मंडपात नव्याने जुळवावं लागतं.

तेव्हा नाटकाला मेकॅनिकल शटरच ठेवा. आरसा नसल्यामुळे त्याचा आवाज तुमच्या डी७२०० पेक्षा बराच मऊ असतो. तिसऱ्या रांगेतून काढलात तर तुमचे आजोबा वळणार नाहीत.

सेन्सरच्या मागेच मेमरी चिकटवलेले 'स्टॅक्ड' सेन्सर (ए९ पासून) हे पट्टे खूप कमी करतात. निकॉनच्या झेड९ मध्ये तर २०२१ मध्ये मेकॅनिकल शटर ठेवलंच नाही. पण दोन लाखांत ते विसरा.

बिटबाबू

कार्ड आणि फाइल या दोन कड्यांवर थोडं.

कार्ड : एसडीचे दोन खण असलेली बॉडी घ्या. कॉम्पॅक्ट फ्लॅश गेलं, एक्सक्यूडी आलं आणि गेलं, आता सीएफएक्स्प्रेस आहे, त्यातही सोनीचा टाइप ए वेगळा आणि बाकीच्यांचा टाइप बी वेगळा. एसडी मात्र म्हापशाच्या बाजारातही मिळतं आणि कोणाच्याही लॅपटॉपमध्ये वाचता येतं. जत्रेच्या रात्री कार्ड मेलं तर सीएफएक्स्प्रेस कुठे शोधणार?

फाइल : रॉ (सेन्सरवरून आलेली कच्ची फाइल) हा प्रत्येक कंपनीचा आपापला कुलूपबंद प्रकार आहे. अडोबीने २००४ मध्ये डीएनजी हा खुला पर्याय काढला. पेंटॅक्स आणि लायका तो थेट कॅमेऱ्यात देतात, बाकीचे मोठे देत नाहीत. लाइटरूमचं एकदा पैसे भरून कायमचं मिळणारं शेवटचं रूप म्हणजे २०१५ चं लाइटरूम ६. त्यानंतर मासिक भाडं. भाडं नको असेल तर डार्कटेबल आणि रॉथेरपी फुकट आहेत आणि उत्तम आहेत. फक्त नवी बॉडी घेण्याआधी तिची फाइल त्यात उघडते का हे बघा. निकॉनच्या 'हाय एफिशियन्सी' रॉ फाइली बराच काळ डार्कटेबलमध्ये उघडत नव्हत्या. सेटिंगमध्ये साधं लॉसलेस निवडलं की प्रश्न येत नाही.

आणि निवडक फोटोंची जेपेग प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवाच. दहा वर्षांनी तुमच्या मुलाला रॉ उघडायला कंटाळा येईल, जेपेग तो उघडेल.

पणजीचा पात्रांव

एवढं करण्यापेक्षा… जाऊ दे, बोलत नाही. वाचतोय.

खारी हवा

धाग्यावर उशिरा आले. वरचं सगळं पुण्यात बसून लिहिलं असतं तरी चाललं असतं. गोव्यात कॅमेऱ्याचा पहिला वैरी तंत्रज्ञान नाहीच, बुरशी आहे. त्यावर अजून कोणी बोललेलं नाही याचं नवल वाटतं.

मी काणकोणात समुद्राच्या बाजूला राहते. जून ते सप्टेंबर गोव्यात सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि घरातली आर्द्रता तेव्हा ८०-९० च्या खाली उतरत नाही. बुरशीला ६५-७० टक्क्यांच्या वर आर्द्रता, थोडी धूळ, काळोख आणि स्थिर हवा पुरे. म्हणजे पावसाळ्यात कपाटाच्या वरच्या कप्प्यात चामड्याच्या पिशवीत ठेवलेली लेन्स. सगळी सोय आपणच करून दिलेली असते. चामडं आणि जाड फोम ओल धरून ठेवतात, तेव्हा पिशवी फक्त प्रवासासाठी वापरा.

बुरशी काचेवर नुसती बसत नाही, आम्ल सोडते आणि त्याने लेन्सवरचा लेप कोरला जातो. सुरुवातीला पुसून निघते. उशीर झाला तर बुरशी निघते पण तिची नक्षी कायमची राहते. तपासायची पद्धत : लेन्सचं छिद्र पूर्ण उघडा, मागच्या बाजूने मोबाइलचा टॉर्च तिरका मारा आणि पुढून बघा. सुटे ठिपके दिसले तर धूळ आहे, तिचं मनावर घेऊ नका. कडेपासून आत सरकणारे फांद्या फुटलेले तंतू दिसले तर लगेच बाकीच्या लेन्सांपासून वेगळी ठेवा आणि साफ करायला द्या. वापरलेली लेन्स विकत घेताना हे दुकानातच, मालकासमोर करायचं. तो वैतागला तर वैतागू दे.

आता उपाय. तुमच्या दोन लाखांतले पहिले पैसे इलेक्ट्रॉनिक ड्राय कॅबिनेटवर घाला. आर्द्रता ४० ते ५० च्या मध्ये ठेवा. कोणी उत्साहाने २५ वर नेतात, तसं करू नका. रबर आणि आतलं ग्रीस सुकतं. पावसात वीज जाते म्हणून घाबरायचं कारण नाही, दार बंद ठेवलं तर पेटी आतली हवा बराच वेळ सांभाळते.

कॅबिनेट परवडत नसेल तर झाकणाला रबर असलेला घट्ट बसणारा डबा, आत सिलिका जेल आणि छोटा हायग्रोमीटर. आकडा दिसला पाहिजे, अंदाजावर चालत नाही. सिलिका केशरी रंगाची घ्या, ओली झाली की हिरवी पडते. ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दोनेक तास ठेवली की पुन्हा केशरी. निळ्या जातीत कोबाल्टचं संयुग असतं, ते स्वयंपाकघरातल्या ओव्हनमध्ये नको. तांदळाचा उपाय सांगणारे भेटतील. तांदूळ ओल फारशी ओढत नाही आणि त्याचं पीठ मात्र लेन्सच्या सांध्यात शिरतं. डांबराच्या गोळ्याही नकोत, त्यांची वाफ काचेवर बसते.

गाडीच्या एसीतून उतरल्या उतरल्या कॅमेरा बाहेर काढू नका, काचेवर आणि आतही दव धरतं. पिशवी बंद ठेवून अर्धा तास बाहेरच्या हवेत राहू द्या. समुद्रावरून आल्यावर किंचित ओलसर फडक्याने मीठ पुसा, मग कोरड्याने.

आणि सगळ्यात स्वस्त औषध म्हणजे वापर. पावसाळाभर आठवड्यातून एकदा तरी लेन्स बाहेर काढून झूम-फोकस फिरवणाऱ्याकडे बुरशी कमी जाते.

जुना रोल

काणकोणच्या बाईंना दंडवत. आमच्या काळी लेन्सा ट्यूबलाइटच्या चोकजवळच्या फळीवर ठेवायचो, तेवढीच ऊब. चोक गेले, आता एलईडीच्या जमान्यात तीही सोय राहिली नाही.

सांखळीकर

हे वाचून ताबडतोब उठलो आणि टॉर्च मारला. ८०-२०० स्वच्छ आहे. १८-१४० च्या कडेला काहीतरी दिसतंय, ते धूळ आहे असं सध्या मानतोय.

चिखलकालोसाठी वेदर सीलिंगचा उपयोग होतो का?

खारी हवा

१८-१४० आजपासून वेगळ्या डब्यात ठेवा, मानायचं नंतर.

सीलिंगचा उपयोग होतो, पण सगळे सांधे सीलबंद असतील तरच. बॉडीला आहे आणि लेन्सच्या माउंटवर रबराची कड नाही, तर पाणी तिथून शिरणार. जुनी लेन्स आणि अडॅप्टर हे दोन वाढीव सांधे झाले. माशेलच्या मैदानात चिखल वरून, खालून आणि बाजूने येतो. तिथे साधं पावसाळी कव्हर आणि पुढे फिल्टर हवाच. पाणी आत गेल्यावर वॉरंटी सहसा हात वर करते.

सीलिंगचा मोजलेला दर्जा हवा असेल तर ओएम सिस्टीमचा (म्हणजे पूर्वीच्या ऑलिंपसचा) ओएम-१ बघा, त्याला आयपी५३ आहे. मी स्वतः मायक्रो फोर थर्ड्सवर आहे, खंड्यांनी सांगितलेल्या फोर थर्ड्सचा हा बिनआरशाचा धाकटा भाऊ. २०२१ च्या जानेवारीत ऑलिंपसने कॅमेरा विभाग दुसऱ्यांच्या हवाली केला तेव्हा सगळ्यांनी आमच्या माउंटची तिरडी बांधली होती. माउंट २००८ चा, अजून आहे, कारण तो एकट्या ऑलिंपसचा नव्हता. पॅनासॉनिकही त्यात होती आणि आहे. लायका, पॅनासॉनिक आणि सिग्मा यांनी २०१८ मध्ये एल माउंटवर एकत्र यायचं ठरवलं, त्यातही हाच फायदा. खंड्यांच्या "कंपनीचं पोट कशावर आहे" या कसोटीला मी ही दुसरी जोडेन : एक घर बुडालं तरी दुसरं उभं आहे का?

खंड्या

मान्य. पण त्या न्यायाने सोनी ई पुढे जातो. सिग्मा, टॅमरॉन, सगळे त्यावर लेन्सा काढतात. झेडवर टॅमरॉन आहे, सिग्मा थोड्या. कॅननने आरएफचं दार बाहेरच्यांना बरीच वर्षं जवळपास बंद ठेवलं, २०२४ मध्ये एपीएस-सी (लहान सेन्सर) पुरतं किलकिलं केलं.

लग्नसराई

चला, शेवटी निकॉनवाल्याच्या तोंडून निघालं.

खंड्या

मी माउंटबद्दल बोललो, मेनूबद्दल नाही. सोनीचा जुना मेनू ज्याने रचला त्याला चोडणच्या खारफुटीत भरतीच्या वेळी सोडून द्यावं.

संपादक

कंपनीयुद्धासाठी वेगळा धागा आहे. इथे सांखळीकरांचं काम होऊ द्या.

सांखळीकर

वाचून, आकडेमोड करून जिथे आलोय ते सांगतो. चुकत असेल तर बोला.

ड्राय कॅबिनेट या आठवड्यात. डी७२०० विकत नाही. त्याचे पैसे काही येत नाहीत आणि ८०-२०० त्याच्यावरच जगते. घोडेमोडणीला तीच जोडी, तिथे खटका कोणाला ऐकू येतो? नाटक आणि त्रिपुरारीसाठी झेड५ चा दुसरा अवतार, २०२५ चा. दोन्ही खण एसडी, बॅटरी माझ्याकडच्याच आकाराची. सोबत एफटीझेड आणि झेडची एखादी ४० किंवा ५० ची प्राइम (झूम नसलेली लेन्स). पक्ष्यांची लांब लेन्स आता नाही, ती जमेल तेव्हा झेडचीच घेईन. काका, डी७५० चं मनात आलं होतं, पण दहा वर्षांच्या हिशोबात सुटे भाग आडवे आले.

जुना रोल

बरा हिशोब आहे. दोन बॉड्या, एकच बॅटरी. आमच्या वेळी ही चैन नव्हती. बिल भारतातलं घ्या. बाहेरून आणलेल्या मालात चार पैसे वाचतात पण दुरुस्तीला दारात कोणी उभं करत नाही.

बिटबाबू

४० एफ २ हलकी आहे, पण तिला माउंटवर रबराची कड आहे का हे आधी बघून घ्या. ५० एफ १.८ महाग पडते, मोठी आहे, रात्रीच्या कामाला सरस.

लग्नसराई

पैसे द्यायच्या आधी हातात घेऊन बघा. कागदावर सगळे कॅमेरे छान असतात, बोटं लांब असली की करंगळी खाली लोंबते आणि नाटकाच्या तिसऱ्या अंकात मनगट बोलायला लागतं. माझा एक सहकारी झेड वापरतो, येत्या शनिवारी फोंड्यात त्याचं रिसेप्शन आहे. म्हणजे त्याचं नाही, त्याने घेतलेलं. हॉलवर सात वाजता या, एलईडीखाली दोन्ही शटरं स्वतः मारून बघा. व्यनि करते.

सांखळीकर

येतो. ८०-२०० पण आणतो, हाताने फोकस किती जमतो ते तिथेच कळेल. अडॅप्टर असेल का त्याच्याकडे?

लग्नसराई

आहे. पण जेवून या, जेवण आपल्या हिशोबात धरलेलं नाही.

पणजीचा पात्रांव

मी पण येऊ का? फोन घेऊन.